खिडकीपुरती करवत

माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं बोलणं बंद झालं ते एका खिडकीवरून. खिडकी होटगीच्या रेल्वे क्वार्टरच्या स्वयंपाकघराची. ते क्वार्टर आता जागेवर नाही. जादा लाइन टाकायची निघाली तेव्हा ती सगळी ओळच पाडली. म्हणजे आम्ही भांडलो ते पाडलेल्या घराच्या, पडलेल्या भिंतीतल्या, असलेल्या किंवा नसलेल्या खिडकीवरून. दोघंही साठी ओलांडलेली माणसं. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं, तो रेल्वेतून निवृत्त होऊन होटगीतच घर बांधून राहिलेला. लाज वाटायला हवी होती, पण लाज वाटायला आधी डोकं शांत व्हावं लागतं आणि आमच्या घराण्यात ती सोय नाही.

चुलतभावाच्या मुलाचा साखरपुडा होता. पंगतीत शेंगापोळी वाढत होते आणि मुलीकडच्या कुणीतरी विचारलं, तुम्ही लहानपणी होटगीतच का? मी रंगात येऊन सांगायला लागले. वडील स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन, दोन खोल्यांचं क्वार्टर आणि स्वयंपाकघराला स्टेशनच्या बाजूची एक खिडकी. आई त्या खिडकीतून वडिलांना डबा द्यायची. भाऊ समोरच्या ओळीत बसला होता. त्याला मी दादा म्हणते. त्यानं पोळीवरचं तूप बोटानं सारखं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सैपाकघराला खिडकीच नव्हती."

"होती," मी म्हटलं.

"तू चार वर्साची हुतीस."

"आणि तू नऊ वर्षांचा. नऊ वर्षांचा मुलगा काही इंजिनियर नसतो."

"मी क्वार्टर पाडताना तितं हुबा हुतो. भित्ताड कोरं हुतं."

"मग मधे कुणीतरी बुजवली असेल."

तेव्हा तो मुलीकडच्यांकडे वळून म्हणाला, "हिला शाळेत बी असंच वाटायचं, आपलंच उत्तर बरोबर." मी म्हटलं, माझंच बरोबर असायचं, कारण तपासणारी मीच असायचे. मग दुसरी पोळी ताटात तशीच टाकून उठले. आईवडील दोघंही आता नाहीत, त्या घराचा फोटो कुणाकडे नाही. न्यायनिवाडा करणारं कुणी उरलं नव्हतं. त्यानंतर ना त्याचा फोन, ना माझा. रोज संध्याकाळी बातम्या संपल्या की त्याचा फोन यायचा, पाच मिनिटांचा, त्यात काही नसायचं. ते काही नसलेलं मला फार जाणवायला लागलं. पण आपण होऊन फोन करणं म्हणजे खिडकी सोडणं होतं.

निवृत्तीनंतर मला घरांची मॉडेल करायचा नाद लागला होता. पुठ्ठ्याची, हातभर लांबीची. शाळेत शंकू आणि घनाकृती करून करून बोटांना सवय होतीच. मी ठरवलं की होटगीचं क्वार्टर करायचं, पण पुठ्ठ्याचं नाही, प्लायचं. सगळं मापात. दारं, चूल, मोरी, खुंट्या आणि ती खिडकी. ती एकदा तयार झाली की बघणारा म्हणेलच, अरे, होती की. सहा महिन्यांत माझी बुद्धी इतपत उतरली होती.

तीन मिलिमीटरचा प्लाय हातकरवतीनं कापायला गेले तर एका दिवसात प्लायच्या जागी अंगठा कापला. म्हणून मी जुन्या पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार माझा विद्यार्थी निघाला. सोलापुरात मला हे नवीन नाही. माझ्या हाताखालून गेलेला एक तरी माणूस प्रत्येक दुकानात असतो आणि बहुतेकांचे अपूर्णांक कच्चे असतात. हा तर पाव इंच मोठा की तीन अष्टमांश, ह्यावर वर्षभर अडला होता. आता तो त्याच मापाचे स्क्रू विकत होता. मला बघून उठून उभा राहिला.

"बाई, घरनं सरांनी काय मागवलंय?"

"सरांनी काही मागवलेलं नाही. मला लाकूड कापायचंय. मशिन दाखव, पण स्वस्तातलं."

त्यानं एक कटर काढून काउंटरवर ठेवला. काउंटर हलला. "ह्यानं फरशी बी कापती बाई."

"मला फरशी नाही कापायची. खिडकी कापायची आहे."

"केवढी?"

मी अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणून दाखवली. त्यानं त्या फटीकडे बघितलं, मागच्या माणसाला तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि दोघंही गंभीर झाले. चाळीस वर्षं ह्या गावात काढल्यावर तेवढी तेलुगू मला समजते. मग तो हळूच म्हणाला, "बाई, घरी सगळं बरं हाय न्हवं?" मी एक छोटं ड्रिल मशिन घेतलं आणि निघाले. अपूर्णांकांचा विषय काढला नाही, हा माझा मोठेपणा.

छोटी टेबल-करवत घरबसल्या मागवली, दिसल्या त्यात सगळ्यात स्वस्त. ती पोळपाटाएवढ्या खोक्यात आली. मधोमध रुपयाएवढं दिसणारं दातेरी पातं आणि बाजूला लाकूड सरळ सरकावं म्हणून एक पट्टी. ही पट्टी पात्याला समांतर असायला हवी. समांतर रेषा कितीही वाढवल्या तरी मिळत नाहीत असं मी तीस वर्षं शिकवलं. ह्या मशिनवर त्या वीतभरात मिळत होत्या. मला तो अपमान वाटला. कंपासपेटीतला गुण्या काढला, पट्टीखाली लग्नपत्रिकेच्या घड्या सारल्या आणि तीन दिवस खटपट करून पट्टी सरळ केली. चार पायांपैकी एक अधांतरी होता, त्याला बाटलीचं बूच लावलं. तरी मशिन सुरू केलं की थरथरत शिलाई मशिनच्या टेबलावरून चालायला लागायचं, म्हणून दोन क्लॅम्पनी आवळून टाकलं.

ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, सोबतचं माहितीपत्रक वाचलं. त्यात शब्द थोडे आणि चित्रं सोळा होती. सोळाही चित्रांत एका बिनचेहऱ्याच्या माणसाला वेगवेगळ्या तऱ्हेनं इजा होत होती. यजमान सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. छापील कागदाला ते फार मानतात. त्यांनी ते पत्रक कॅलेंडरशेजारी चिकटवलं आणि स्वतःची नेमणूक करून घेतली. मी करवत लावायची म्हटलं की ते स्कूटरचं हेल्मेट घालायचे, कपडे वाळत घालायची काठी हातात घ्यायचे आणि दाराशी मेन स्विचवर बोट ठेवून उभे राहायचे. शॉक लागला तर काठीनं मला मशिनपासून ढकलायचं, अशी योजना होती. मी विचारायचं, "सुरू करू का?" त्यांनी म्हणायचं, "करावे." त्याआधी बटण दाबलं तर ते घराची वीज घालवायचे. दोनदा घालवली. दुसऱ्या वेळी शेजारच्या वहिनींकडचीही नेमकी गेली होती, म्हणून त्या मिक्सर घेऊन विचारायला आल्या, तुमच्याकडे पण गेली का?

त्या मिक्सरमुळे बातमी फुटली आणि लोक यायला लागले. एकीच्या चकलीच्या सोऱ्याची भोकं मोठी करून हवी होती. एकांच्या कुत्र्याच्या पट्ट्याला आणखी एक छिद्र हवं होतं आणि ते कुत्र्यासकट आले होते. वरच्या मजल्यावरच्या काकांनी तर कवळी आणली, एका बाजूला टोचते म्हणून. यजमान हेल्मेटमधून म्हणाले, "लाकूड आणि मऊ धातू. कवळी ह्या यादीत बसत नाही." काका रागावून गेले.

इकडे क्वार्टर उभं राहत होतं. पुढची खोली झाली, स्वयंपाकघराच्या तीन भिंती झाल्या. चौथीसाठी मी नकाशा काढायला बसले आणि तिथं मला ते दिसलं. आमचं क्वार्टर ओळीतलं तिसरं. स्टेशनच्या बाजूला दुसरं आणि मग पहिलं. ओळीतल्या घरांना मधली भिंत एकच असते. म्हणजे स्टेशनच्या बाजूच्या भिंतीत खिडकी असती तर ती स्टेशनाकडे उघडलीच नसती, शेजारणीच्या स्वयंपाकघरात उघडली असती. मी नकाशा पुन्हा काढला. मग उलटा धरून काढला. पाचवीतल्या मुलानं पाच मिनिटांत सांगितलं असतं.

दादाचं बरोबर होतं. हे कळल्यावर शहाण्या माणसानं फोन केला असता. मी पॉलिश करायचं मशिन मागवलं. मग ड्रिलला लावायच्या बिटांचा आणखी एक डबा. मग भुसा ओढणारा एक पंखा, जो भुसा ओढण्याऐवजी सगळीकडे सारखा वाटायचा. प्रत्येक नवीन वस्तू जुळवायला आठवडा जायचा आणि तेवढा आठवडा चौथी भिंत कापावी लागायची नाही. भिंतीचा प्लाय टेबलावर पडून होता. त्यावर पेन्सिलीनं खिडकी काढायची, खोडायची, परत काढायची. यजमान म्हणायचे, हत्यारं पुरी झाली आता. मला खरं कारण त्यांनाही सांगवेना. मला ती खिडकी दिसते हो. डबा धरलेला आईचा हात दिसतो, बांगड्यांसकट. मग ते काय होतं?

दसरा जवळ आला तेव्हा मी मनाशी ठरवलं. दरवर्षी दसऱ्याला दादा सकाळीच आपट्याची पानं घेऊन आमच्याकडे यायचा. ह्या वर्षी येणार नव्हता. तर आपण त्या सकाळी भिंत कोरीच कापायची, मॉडेल पुरं करायचं आणि होटगीला नेऊन त्याच्यापुढे ठेवायचं. मी चुकले हे तोंडानं सांगावं लागणार नाही, भिंत बघितली की त्याला कळेल.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि पूजेला बसलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत कामाला लावत नाहीत. इतकी वर्षं यजमान विळी, कात्री आणि स्कूटर एवढ्यावर भागवत होते. ह्या वर्षी त्यांच्यापुढे अख्खा कारखाना होता. त्यांनी सोवळं नेसून पाट मांडला, सगळी मशिनं ओळीत बसवली आणि हात सैल सोडून पूजा केली. ड्रिलला झेंडूचा हार. करवतीच्या पात्याला पाण्यात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटं. शिवाय कोरडं कुंकू वरून, मूठभर, ते पात्याच्या खाचेतून आत गेलं. त्यावर अक्षता. मशिनला हवा घ्यायला बाजूनं भोकं असतात, तिथं एकेक फूल खोचलं. मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते. बाहेर येऊन बघितलं तर सगळं इतकं प्रसन्न दिसत होतं की मीही हात जोडले.

दसऱ्याला सकाळी मी वरवरची फुलं काढली आणि करवत टेबलावर आवळली. आत काय गेलंय ते मला माहीत नव्हतं. यजमान हेल्मेट घालून दाराशी उभे.

"सुरू करू का?"

"करावे."

बटण दाबल्यावर पहिल्यांदा अक्षता सुटल्या. तांदळाचा दाणा एवढ्या जोरानं लागू शकतो हे मला माहीत नव्हतं. पाठोपाठ झेंडूचा चुरा आणि मग आत साठलेलं सगळं कुंकू. ते माझ्या हातावर आलं, भिंतीवर गेलं, छतावर गेलं आणि हेल्मेटच्या काचेवर बसलं. मी दचकून "अगंबाई" म्हटलं आणि हात मागे घेतला. यजमानांना लाल काचेतून लाल भिंत, लाल बायको आणि तिनं पोटाशी धरलेला लाल हात दिसला. त्यांनी वीज घालवली. काठीनं मला ढकललं. मी डोळे चोळत न्हाणीघरात गेले, तेवढ्यात त्यांनी होटगीला फोन लावून सांगितलं, "दादा, हिचा हात गेला." बायकोला काही झालं की आधी माहेरी कळवायचं आणि मग डॉक्टरला, अशी त्यांची पद्धत आहे.

मी तोंड धुऊन दहाही बोटांनिशी बाहेर आले तेव्हा ते काच पुसून माझ्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. परत फोन करून सांगायला हवं होतं, पण दादा काय बोलेल ह्या भीतीनं त्यांनी तो केला नाही. मलाही सांगितलं नाही. गपचूप फडकं घेऊन भिंत पुसायला लागले.

अर्ध्या तासानं दारात स्कूटर थांबली. दादा आत आला तो अनवाणी, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली आणि दोन्ही हातांत पाच लिटरचा कुकर. कुकरमध्ये बर्फ होता. तुटलेलं बोट बर्फात नेलं तर डॉक्टर बसवून देतात असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं.

"बोट कुटं ठिवलंय?" त्यानं विचारलं.

मला काही कळेना. यजमान भिंतीकडे तोंड करून पुसत राहिले. दादानं कुकर खाली ठेवला, माझे दोन्ही हात ओढले आणि बोटं मोजली. मग परत मोजली, अंगठ्यापासून. ह्याला दहाचा आकडा कधीपासून एवढा अवघड झाला, असं मी बोलणार होते, पण तो तिसऱ्यांदा मोजायला लागला होता. मोजून झाल्यावर तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "दाजी, तुमी माझा जीव घेत हुता आज." यजमान म्हणाले, "मला तसंच दिसलं." आणि सरबत करायला आत गेले, कुकर घेऊन.

खोलीत आम्ही दोघंच राहिलो. आठ महिन्यांत आमचा हा पहिला एकांत. दादा टेबलावरच्या क्वार्टरकडे बघत होता. त्यानं मोरीत बोट घातलं, खुंट्या मोजल्या, पुढच्या खोलीचं दार उघडून बघितलं. "उंबरा बी केलाईस," म्हणाला. मग चौथ्या बाजूला आला. तिथं काही नव्हतं. प्लायचा तुकडा शेजारी पडला होता, कुंकवानं माखलेला, आणि त्यावर दहादा खोडलेली खिडकी.

"ही ऱ्हायली व्हय?"

मॉडेल सांगेल म्हणून ठरवलं होतं, आणि मॉडेल तर अर्धवट. तोंडानंच सांगावं लागणार होतं. "दादा, नव्हती खिडकी," मी म्हटलं. "मधली भिंत होती ती. पलीकडे शेजारीण होती. मला महिनाभर माहीत होतं."

तो हसेल असं वाटलं. त्यानं तुकडा हातात घेऊन त्यावरचं कुंकू सदऱ्यानं पुसलं.

"नव्हती," तो म्हणाला. "पर आई रोज म्हनायची की. चुलीम्होरं बसली की ह्या भित्ताडाला हात लावून दाखवायची. हितं एक खिडकी पायजे हुती, म्हंजे तुमच्या बाबांस्नी हितनंच डबा दिला असता. डोळं धुरानं लालबुंद असायचं तिचं. तू मांडीवर असायचीस. तू तेच बघत बसली असशील."

आत सरबताचा चमचा वाजत होता.

दादानं पेन्सिल घेतली. खोडलेल्या रेघांवरून एक चौकोन काढला, मी काढला होता त्यापेक्षा मोठा. "काप," म्हणाला.

"अरे पण ती शेजारणीच्या घरात उघडेल."

"कुटली शेजारीन? पलीकडं तुझं टेबल हाय."

"नव्हती ना दादा. मग कशाला? चुकीचं होईल ते."

"तुला सांगतोय न्हवं, काप म्हनून."

करवतीत अजून अक्षता होत्या, म्हणून ड्रिलनं चार कोपऱ्यांना भोकं पाडली आणि मधला भाग त्याच्या खिशातल्या चाकूनं कोरला. एक बाजू त्यानं धरली, एक मी. चौकोन वाकडा झाला. गणिताच्या वहीत मी त्यावर लाल रेघ मारली असती. भिंत जागेवर चिकटवली आणि वाळेपर्यंत दोघांनी दोन्हीकडून बोटांनी दाबून धरली. मग दादा वाकला, टेबलाच्या कडेशी गाल टेकवला आणि एक डोळा मिटून त्या खिडकीतून आत चुलीकडे बघितलं.

"आता जाईल धूर," तो म्हणाला.